पानं किती, पोळी कुठली?

"चार दिवस," मी म्हणाले. 2017 ची दिवाळी नुकतीच झाली होती. आमची सात जणांची टीम पुण्यात बसून पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायची: ठेवी, कर्ज, पिग्मी, किर्द, खतावणी, तेरीज, दिवसाखेर, सगळं. मुदतठेव मुदतीआधी मोडायची सोय किती दिवसांत होईल, असं सरांनी बैठकीत विचारलं होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला. एक स्क्रीन, व्याजाचं एक गणित, एक पावती. सरांनी 'चार' हा आकडा वहीत लिहिला आणि दुपारी एका पतसंस्थेच्या सचिवांना फोनवर सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत देतो."

कामाचे एकोणीस दिवस लागले.

गणित खरंच साधं होतं. ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर धरायचा आणि त्यातून एक टक्का कमी करायचा. ते दुसऱ्या दिवशीच झालं. मग एकेक प्रश्न पुढे येऊ लागला. ठेवीदार दरमहा व्याज घेत असेल, तर जास्त दराने दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं करायचं. ठेवीवर तारण कर्ज असेल, तर आधी कर्ज मिटवायचं. ज्येष्ठ नागरिकाचा अर्धा टक्का जादा दर कोणत्या तारखेपासून धरायचा? ठेव आपोआप नूतनीकरण होऊन दुसऱ्या मुदतीत गेली असेल, तर मोजायची कुठून? यातलं काहीही बैठकीत बोललं गेलं नव्हतं. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. तो शुक्रवार गेला, त्याच्या पुढचा गेला. सचिवांचा फोन सरांना यायचा, सरांचा मला. रात्री अकराला घरी पोहोचायची तेव्हा आईने झाकून ठेवलेलं ताट गार झालेलं असायचं. काम अवघड होतं याचं मला दुःख नव्हतं. दिलेला शब्द मोडला, हे मनातून जात नव्हतं.

पुढच्या वर्षी कंपनीने स्क्रम पद्धत, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करायची रीत, आणायची ठरवली. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे मनापासून शिकवत होते, पण 'स्टोरी पॉइंट' या शब्दापाशी आमची गाडी अडली. स्टोरी म्हणजे करायचं एक काम, पॉइंट म्हणजे त्याच्या आकाराचा आकडा. काम किती तासांचं हे सांगायचं नाही, काम केवढं आहे ते सांगायचं. तेही एकट्या कामाचं नाही, दुसऱ्या कामाच्या तुलनेत. मागच्या बाकावरून आमचे दादा म्हणाले, "अहो, पण शेवटी दिवसच लागणार ना? मग सरळ दिवस का नको?" दादा सांगलीचे, वयाने आम्हा सगळ्यांत मोठे. वीसेक वर्षं कोड लिहीत होते. त्यांच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर आमच्यापैकी कोणालाच पटलं नाही.

मला ते पटलं ते घरी जाताना, बसमध्ये, मामाची आठवण झाली तेव्हा. माझे मामा आचारी होते. लग्नकार्याच्या स्वयंपाकाचं काम घ्यायचे. कोणी ठरवायला आलं की मामांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले: "पानं किती? पोळी कुठली?" स्वयंपाकाला किती तास लागतील हे ते कधीच सांगायचे नाहीत. पाचशे पानं आणि जिलबी हे एक काम. पाचशे पानं आणि पुरणपोळी हे त्याच्या दुपटीहून मोठं. पानं तेवढीच, पण पुरण शिजवणं, वाटणं, कणीक तिंबणं, लाटणारे हात, भाजणारे हात, सगळंच वाढतं. समोरच्याने आणखी खोदून विचारलं तर मामा म्हणायचे, "गेल्या वैशाखात त्यांच्याकडे झालं, तेवढंच धरा." म्हणजे एक जुनं, पूर्ण झालेलं काम समोर ठेवायचं आणि नवं त्याला लावून बघायचं. तास किती ते मग पाण्यावर ठरायचं, चुलींवर ठरायचं, कोण मदतनीस आला आणि कोण नाही यावर ठरायचं. पानं मात्र पाचशेच राहायची.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आपल्याला आपला वैशाख शोधायला लागेल."

आमचा वैशाख शोधायला एक अख्खा दिवस गेला, आणि तो दिवस पुढे फार उपयोगी पडला. गेल्या वर्षभरात पूर्ण झालेली कामं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि लहानापासून मोठ्यापर्यंत टेबलावर मांडली. कोणी किती दिवस घेतले हे बोलायचं नाही, एवढाच नियम. पावतीवरचा मजकूर बदलणं सगळ्यात डावीकडे गेलं, तो 1. शाखेप्रमाणे तेरीज काढणं, तारखेच्या चाळणीसकट, तो 3. माझी मुदतठेव मोडण्याची स्टोरी उजव्या टोकाला, 13. वर्षभर मी ज्याला चार दिवसांचं काम समजत होते, ते कर्जाच्या हप्त्यांच्या पुनर्रचनेशेजारी जाऊन बसलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे मला पहिल्यांदा हलकं वाटलं. काम मोठंच होतं.

मग पत्ते. प्रत्येकाने आपल्या अंदाजाचा पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. प्लॅनिंग पोकर ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली आणि माइक कोन यांच्या लिखाणामुळे ती जगभर पसरली. तिच्या मागची कल्पना त्याहून जुनी आहे. जाणकारांनी एकमेकांचं मत न ऐकता आपापला अंदाज लिहायचा, मग चर्चा करायची आणि पुन्हा लिहायचा, ही डेल्फी पद्धत अमेरिकेतल्या रँड संस्थेत 1950 च्या दशकात घडली आणि बॅरी बोएम यांनी ती पुढे सॉफ्टवेअरच्या अंदाजासाठी वळवून घेतली. आम्ही जाड कागदावर पत्ते छापून घेतले: 0, अर्धा, 1, 2, 3, 5, 8, 13, 20, 40, 100, एक प्रश्नचिन्हाचा आणि एक कपाचा. कपाचा पत्ता म्हणजे डोकं थकलं, चहा घेऊ. आकड्यांमधलं अंतर वाढत जातं ते मुद्दाम. लहान कामात 2 की 3 हे डोळ्यांना दिसतं. मोठ्या कामात 21 की 22 असं भांडण्यात अर्थ नसतो. म्हणूनच 13 च्या पुढे 21 न ठेवता सरळ 20 आणि 40 ठेवलेले असतात. इतका गोल आकडा पाहिला की कोणी नेमकेपणाच्या भ्रमात राहत नाही, म्हणून.

टीममधल्या एकाला छंदशास्त्राची आवड. त्याने सांगितलं की 1, 2, 3, 5, 8 ही मालिका फिबोनाचीने 1202 मध्ये लिहिली, त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे मात्रावृत्तांच्या हिशेबात ती होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा आठ प्रकारे. हेमचंद्राने हे बाराव्या शतकाच्या मध्यावर सांगितलं आणि विरहांकाने त्याच्याही आधी. फळ्यावर त्याने लघुगुरूच्या खुणा मांडून दाखवल्या. कामाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण त्या दिवसापासून ते पत्ते आम्हाला परके राहिले नाहीत.

आता पासबुकाची गोष्ट सांगते. पुढे काहीही शिकले असेन, त्याचं मूळ त्या एका दुपारी आहे.

स्टोरी एका ओळीची होती: 'पासबुकावर खातेदाराचं नाव मराठीत छापलं जावं.' कामांचा क्रम ठरवणाऱ्या आमच्या प्रॉडक्ट ओनरने ती वाचून दाखवली. पत्रकं, नोटिसा सगळं मराठीत निघत होतं. पासबुक तेवढं इंग्रजीत राहिलं होतं. "एक, दोन, तीन," म्हणत आम्ही पत्ते उलटले. 2, 3, 3, 3, 5, 5. आणि टेबलाच्या कोपऱ्यातून एक 13.

तेरा आमच्या नव्या टेस्टरचा होता. टीममध्ये येऊन तिला दीड महिना झाला होता. मूळची लातूरकडची, बोलायची कमी. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती पत्ता परत उचलायला लागली. "चुकून टाकला मी. तीन धरा," म्हणाली. प्रॉडक्ट ओनरनेही तेवढ्यात लिहायला पेन उचललं. दादांनी हात आडवा केला. "पत्ता खाली राहू दे, बाई. का टाकलास ते सांग."

"दादा, मी कॉलेजात असताना गावच्या पतसंस्थेत काउंटरवर बसायची," ती म्हणाली. आणि मग पंधरा मिनिटं ती बोलत होती आणि आम्ही सहा जण ऐकत होतो.

पासबुकाचा प्रिंटर डॉट मॅट्रिक्स असतो. इंग्रजी अक्षरं त्याच्या पोटात असतात, म्हणून तो भराभर ओळी मारतो. देवनागरी त्याला चित्र म्हणून पाठवावी लागते, आणि चित्र छापायला तो किती वेळ घेतो हे बाजाराच्या दिवशी काउंटरपुढे रांग लागते तेव्हा कळतं. देवनागरीला उंची जास्त लागते. वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. पासबुकाच्या छापील ओळी एवढ्या दाट असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. नावासाठी 25 अक्षरांची जागा आहे, पण अक्षर म्हणजे काय? 'लक्ष्मी' हे नाव आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं. संगणक ते ल, क, हलंत, ष, हलंत, म आणि वेलांटी असं सात मोजतो. लांब नाव पंचविसाव्या खुणेवर कापलं तर जोडाक्षर मधेच तुटतं आणि शेवटी पाय मोडलेलं अक्षर लटकत राहतं. "आणि ताई," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गोऱ्हे, कऱ्हाडे, तऱ्हाळे ही आडनावं बघा. त्यातला र डोक्यावर चढला तर माणूस पासबुक परत करतो. म्हणतो, हे माझं नाव नाही."

एवढ्यावर थांबली असती तरी तिचा तेरा खरा ठरला असता. पण तिने शेवटचं सांगितलं ते सगळ्यात मोठं होतं. जुन्या संस्थांमधली मराठी नावं युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर तो फॉन्ट असेल तर 'सुमन' दिसतं, पण डेटाबेसमध्ये खरं साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. प्रत्येक शाखेचा फॉन्ट वेगळा असू शकतो. हे सगळं बदलून घेतल्याशिवाय पासबुकावर एकही जुनं नाव धड येणार नाही.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मी माझ्या तीनच्या पत्त्याकडे बघत होते. मुदतठेवीच्या वेळी माझ्याशेजारी असं बोलणारं कोणी असतं तर, असं वाटून गेलं. मग लगेच कळलं की असेलही. मीच तेव्हा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत पत्ते आले 8, 13, 13, 13, 13, 20, 20. आम्ही आकडा लिहिलाच नाही. आधी दोन दिवस फक्त शोधायला ठेवले. असं ठरावीक वेळेचं शोधकाम, त्यातून कोड नको, उत्तरं हवीत. त्याला स्पाइक म्हणतात. दादा आणि ती टेस्टर एका संस्थेचा डेटा घेऊन बसले. दोन जुने फॉन्ट निघाले. मग स्टोरीचे तुकडे पाडले: नव्या खात्यांचं नाव पहिल्या पानावर छापणं 3, नाव कापताना अक्षर न तोडणं 2, प्रिंटरच्या दोन मॉडेलांवर ओळी जुळवणं 5, पहिल्या फॉन्टचं रूपांतर 8, दुसऱ्याचं 5. एकूण 23. पहिला आणि दुसरा तुकडा आम्ही आधी दिला, त्यामुळे संस्थेला नव्या खात्यांसाठी वाट बघावी लागली नाही. बाकी पाच आठवड्यांत पूर्ण झालं, आणि त्या पाच आठवड्यांत एकदाही कोणाला रात्री थांबावं लागलं नाही. टेस्टरने आडनावांची एक यादी केली होती. ती यादी आजही आमच्या तपासणीत आहे.

त्या दुपारनंतर दादांनी स्वतःहून एक गोष्ट बदलली. त्याआधी स्टोरी वाचून झाली की त्यांच्या तोंडून सहज निघायचं, "हे तर अर्ध्या दिवसाचं आहे." त्यांचा हेतू चांगला असायचा. पण दादांनी अर्धा दिवस म्हटल्यावर आठचा पत्ता टाकायचं धाडस नवख्या पोराला कुठून होणार? ज्याला आपण मान देतो त्याचा आकडा कानावर पडला की आपला आकडा त्याच्याकडे सरकतो, आणि तो सरकला हे आपल्याला कळतही नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच हे दाखवून दिलं होतं की अगदी असंबद्ध आकडा आधी ऐकवला तरी माणसाचा अंदाज त्याच्याजवळ घोटाळतो. आपल्याकडे तर वयाचा आणि अनुभवाचा मान वेगळा. दादांनी ठरवलं की पत्ते उलटेपर्यंत बोलायचं नाही आणि उलटल्यावर सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे सोपं गेलं नसणार. मला त्यांच्याबद्दल आदर होताच. तो त्या महिन्यात दुणावला.

स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, दोन आठवड्यांचा. हळूहळू आमच्या हाताला अंदाज आला. आठच्या वरची स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही, आधी फोडायची. दुरुस्त्यांना पॉइंट द्यायचे नाहीत. प्रश्नचिन्हाचा पत्ता आला की चर्चा थांबवून माहिती आणायची. एका स्प्रिंटमध्ये आम्ही 21 पॉइंट करायचो, कधी 26, बहुधा 24 च्या आसपास.

आणि मग तो 24 चा आकडा वरिष्ठांपर्यंत गेला.

वरच्या एका बैठकीत कोणीतरी सगळ्या टीमांचे आकडे एका तक्त्यात मांडले. शेजारची टीम 40, आम्ही 24. आम्हाला विचारलं गेलं, कमी का? शेजारच्या टीमचा 1 म्हणजे काय आणि आमचा 1 म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. शंभर पानं जिलबी आणि शंभर पानं पुरणपोळी यांची बेरीज करण्यासारखंच होतं ते. सरांनी आम्हाला रागावून काही म्हटलं नाही. "थोडा आकडा वाढला तर बरं," एवढंच म्हणाले. त्यांच्यावरही वरून दाब होता.

आकडा वाढला. तीन महिन्यांत आम्ही 38 वर पोहोचलो. कामाचा वेग तोच होता, माणसं तीच होती, घरी जायची वेळ तीच होती. पत्ते तेवढे फुगले होते. कोणी ठरवून खोटं बोललं नाही. 3 आणि 5 मध्ये मन घुटमळलं की हात 5 कडे जायचा. माझाही जायचा, हे मला इथे लिहायलाच हवं. हे उघडकीला आलं ते टेस्टरमुळेच. एका रिपोर्टला सगळ्यांनी 5 दिले, तेव्हा तिने विचारलं, "ताई, हे त्या शाखेप्रमाणे तेरजेएवढंच आहे ना? ती तर तीनची होती." कपाटातून जुन्या चिठ्ठ्या काढल्या, पुन्हा टेबलावर मांडल्या. आमचा वैशाख तिथेच होता, आम्ही त्याच्यापासून लांब गेलो होतो.

मी त्या रात्री पॉइंट आले कुठून ते शोधत बसले. 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही सॉफ्टवेअर करायची पद्धत वापरणारे आधी 'आदर्श दिवस' मोजत: कोणी मधे अडवलं नाही तर लागतील तेवढे दिवस. प्रत्यक्षात एका आदर्श दिवसाला तीनेक दिवस लागायचे, आणि बाहेरच्यांना कळेना की एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे. म्हणून 'दिवस' शब्द काढून 'पॉइंट' म्हणायला लागले. त्यांच्यातल्याच रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं की पॉइंट बहुधा आपणच काढले आणि त्यांचा झालेला वापर पाहून त्याचं वाईट वाटतं. ज्यांनी ही गोष्ट घडवली त्यांनीच असं म्हणावं, हे वाचून मी अस्वस्थ झाले आणि मला धीरही आला. 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये तर 'स्टोरी पॉइंट' हा शब्दच नाही. कामाचा आकार ठरवायची जबाबदारी ते काम करणाऱ्यांची, एवढंच त्यात म्हटलेलं आहे.

मी आणि दादा सरांकडे गेलो. जुन्या आणि नव्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. सरांनी त्या दोनदा पाहिल्या आणि म्हणाले, "मग मी वर काय सांगू?" हा प्रश्न खरा होता. पॉइंट वर पाठवायचे नसतील, तर त्याऐवजी सरांना सांगण्यासारखं काही द्यायला हवं होतं.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. मार्च 2021. ठेवीदारांना जाणाऱ्या एसएमएसचा मजकूर बदलायचा होता. सगळ्यांचा पत्ता 1, तेराही नाही, प्रश्नचिन्हही नाही. कोड दहा मिनिटांत झाला. पण ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार प्रत्येक मजकुराचा नमुना डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या यंत्रणेवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्या महिन्यात तो नियम कडकपणे लागू होऊ लागला होता. मंजुरी यायला नऊ दिवस लागले. स्टोरी एकचीच होती, तरी नऊ दिवस अडकली. आम्ही पॉइंट वाढवायचा विचार केला आणि सोडून दिला. वाट बघणं हे कामाचं मोठेपण नव्हे. पाणी उशिरा आलं म्हणून पानं वाढत नाहीत. त्यानंतर चिठ्ठीवर एक वेगळी खूण सुरू केली: 'बाहेरची मंजुरी लागेल.' अशी चिठ्ठी स्प्रिंटच्या पहिल्याच दिवशी हलवायची.

या दोन्हींतून आमची मोजायची रीत बदलली. पत्ते ठेवले, कारण पत्त्यांमुळे कोपऱ्यातला तेरा ऐकू येतो. वर मात्र पॉइंट पाठवणं बंद केलं. स्टोऱ्या आता फोडून सारख्या आकाराच्या होत होत्या, म्हणून प्रत्येक स्प्रिंटमध्ये किती चिठ्ठ्या पूर्ण झाल्या एवढंच मोजायला लागलो. मागच्या आठ स्प्रिंटमध्ये सगळ्यात कमी 5, सगळ्यात जास्त 9.

डिसेंबर 2021 च्या पहिल्या आठवड्यात मी त्याच सचिवांच्या कार्यालयात बसले होते, ज्यांना 2017 मध्ये शुक्रवारचा शब्द गेला होता. त्यांच्या वर्षअखेरीच्या कामाच्या 40 चिठ्ठ्या माझ्यासोबत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: "मॅडम, 31 मार्चच्या आत होईल का?"

मी त्यांच्यासमोर वहीत मांडलं. "साहेब, आमचा वेग चांगला राहिला तर दर दोन आठवड्यांना नऊ. चाळीसला पाच स्प्रिंट, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला सगळं हातात. वेग मंद राहिला तर पाच. मग आठ स्प्रिंट, म्हणजे 28 मार्च. त्यात तुम्हाला तपासायला दिवसच उरत नाहीत. म्हणून सगळं नक्की होईल असं मी आज म्हणणार नाही."

माझे हात गार पडले होते. चार वर्षांपूर्वीच्या एकोणीस दिवसांनंतर त्यांनी माझं का ऐकावं? ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या वेळी असं सांगितलं असतं तर मी ठेवीदाराला दोन आठवडे थांब म्हटलं असतं. मला रोज उद्या म्हणावं लागलं, त्याचा त्रास झाला." मी त्यांची माफी मागितली. चार वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठ्या स्वतःकडे ओढल्या. एकेक वाचून डावीकडे, उजवीकडे टाकत गेले. व्याजाची तरतूद डावीकडे. थकबाकीचं वर्गीकरण डावीकडे. तेरीज आणि ताळेबंद डावीकडे. लाभांशाचं पत्रक उजवीकडे, "ते सर्वसाधारण सभेच्या आधी मिळालं तरी पुरे." डावीकडे चौदा जमल्या. मंदातल्या मंद वेगाने तीन स्प्रिंट, जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे तपासायला दोन महिने. "एवढ्याचा शब्द देता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडे होते. त्यांनी एक चिठ्ठी जवळ धरून विचारलं, "हे पाच कसले?"

"ते आमच्यासाठी आहेत, साहेब. काम केवढं ते आपसात ठरवायला."

"मग पुसून टाका," ते म्हणाले आणि ड्रॉवरमधून खोडरबर काढून माझ्यापुढे सरकवला. "आमच्या संचालकांनी पाहिलं तर ते पाच दिवस समजतील."

मी चौदाच्या चौदा चिठ्ठ्यांवरचे आकडे पुसले आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला.